गर्दी वाढतेय, मुलं कमी होताहेत

२०११च्या जनगणनेत देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा कोणता होता, असं विचारलं की बहुतेक जण उत्तर प्रदेश नाहीतर बिहारमधलं नाव घेतात. तो होता आपला ठाणे जिल्हा. १ कोटी १० लाख ६० हजार माणसं. पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ला झाला. २००१ साली ठाणे जिल्ह्यात ८१ लाख लोक होते. म्हणजे दहा वर्षांत ३६ टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत अख्खा देश वाढला १७.७ टक्क्यांनी आणि महाराष्ट्र १६ टक्क्यांनी.

सकाळी आठला दिवा स्टेशनवर डब्यात पाय ठेवायलाही जागा नसलेला माणूस वैतागून म्हणतो, "लोकांना एवढी मुलं होतात कशी?" दर ११ जुलैला, जागतिक लोकसंख्या दिनाला, सोसायटीच्या ग्रुपवर 'दोन मुलांचा कडक कायदा करा' असा मेसेज फिरतो. गर्दीचा त्रास शंभर टक्के खरा आहे. पण त्याचं कारण जास्त मुलं हे नाही. आणि चुकीचं कारण धरून सरकार लोकांच्या घरात शिरलं की काय होतं, हे या देशानं १९७६मध्ये पाहिलं आहे. म्हणून हा विषय मला नीट, पायरीपायरीनं मांडावासा वाटतो.

कुठल्याही ठिकाणची लोकसंख्या तीनच गोष्टींनी बदलते: किती जन्मले, किती वारले आणि किती आले-गेले. देशाचा विचार करताना तिसरी गोष्ट जवळजवळ सोडून देता येते. ठाण्याचा विचार करताना तीच सगळ्यांत मोठी आहे.

इथं माणसं आपोआप आली नाहीत, बोलावून आणली. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे ठाण्याचं वागळे इस्टेट. पाठोपाठ ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले. मुंबईचा भार हलका करायचा म्हणून १७ मार्च १९७०ला सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या पलीकडे सुमारे २० लाख लोकांसाठी नवं शहर आखलं गेलं. त्यासाठी ९५ गावांतल्या आगरी-कोळी आणि इतर शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. घाऊक बाजार मुंबईतून वाशीला हलले, त्यांच्याबरोबर साताऱ्या-सांगलीकडचे माथाडी कामगार आले, कोपरखैरण्यात स्थिरावले. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला येऊन राहिली. घोडबंदर रोडवरचे टॉवर तर आपल्या डोळ्यांदेखत भरले. मला वाटतं, लोकसंख्येबद्दल बोलताना आपण हे विसरतो की नवी मुंबई हे स्वतःच एक लोकसंख्या धोरण होतं. देशातली माणसं कमी करायचं नव्हे, तर ती कुठं राहतील हे ठरवायचं.

आणखी एक गोष्ट. कामासाठी गाव सोडून येणारा माणूस साधारण विशी-तिशीतला असतो. तो इथं लग्न करतो, त्याला मुलं होतात. त्यामुळं कळव्याच्या किंवा वाशीच्या प्रसूतिगृहात खाटा भरलेल्या दिसतात. खाटा भरतात त्या आई होण्याच्या वयाच्या मुली इथं जास्त आहेत म्हणून. एकेका आईला मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी कमी मुलं होताहेत. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या नाहीत तर पुढचं काहीच कळत नाही.

'एका आईला किती मुलं' हे मोजायचं माप म्हणजे एकूण प्रजनन दर. आजचे जन्मदर असेच राहिले तर एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील, तो हा आकडा. आपल्याकडे तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून कळतो, आणि ही पाहणी चालवणारी संस्था आपल्या अगदी शेजारी आहे. वाशीहून मुंबईकडे जाताना गोवंडी लागतं, तिथून जवळच देवनारला १९५६मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिचे आकडे असे: स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत जो दर सहाच्या आसपास होता, तो १९९२-९३च्या पहिल्या पाहणीत ३.४वर आला होता, २००५-०६मध्ये २.७ आणि २०१९-२१मध्ये २.०. महाराष्ट्राचा दर १.७. सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीनं २०२३साठी देशाचा दर १.९ इतका दाखवला.

लोकसंख्या वाढूही नये आणि घटूही नये यासाठी लागतो २.१. आई-बापांच्या जागी दोन मुलं हे समजतं, पण वरचं ०.१ कशाला? कारण सगळी मुलं मोठी होईपर्यंत जगत नाहीत, आणि निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. पुढच्या पिढीत आया तेवढ्याच राहायच्या तर दर थोडा वर हवा. भारत आता या रेषेच्या खाली गेला आहे आणि महाराष्ट्र तर बराच खाली आहे.

मग देशाची लोकसंख्या वाढतेय कशी? हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर साध्या हिशेबात मिळतं.

मुरबाडकडचा एक पाडा मनात आणा. तिथं १० जोडपी आहेत, म्हणजे २० माणसं. बाहेरून कुणी येत नाही, कुणी जात नाही. काळ १९६०चा. प्रत्येक जोडप्याची ५ मुलं जगली आणि मोठी झाली. २० मोठी आणि ५० लहान, पाड्यावर ७० माणसं. ही ५० मुलं मोठी होऊन त्यांची २५ जोडपी झाली. या जोडप्यांनी ठरवलं, आपल्याला दोनच मुलं पुरेत. २५ जोडप्यांची ५० मुलं. आजी-आजोबा अजून आहेत. २० अधिक ५० अधिक ५०, झाले १२०. पुढं आजी-आजोबा वारले, नातवंडांची लग्नं झाली, त्यांनीही दोनच मुलं होऊ दिली. आता तिन्ही पिढ्या ५०-५०च्या. पाडा झाला १५० माणसांचा.

दोन मुलांचा नियम पहिल्या मुलांच्या पिढीपासूनच कसोशीनं पाळला गेला, तरी पाडा ७०वरून १५०वर गेला. दुप्पट होऊनही वर. नंतर मात्र तो तिथंच थांबतो. आज देशात जी वाढ चालू आहे ती बव्हंशी अशी आहे. आधीच्या मोठ्या पिढ्यांमुळं आई-बाप होणाऱ्यांची संख्याच प्रचंड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६०च्या दशकाच्या सुरुवातीला १७० कोटींच्या आसपास पोहोचेल आणि मग उतरू लागेल. या वाढीतले आई-बाप बहुतेक आधीच जन्मलेले आहेत. उद्या कितीही कडक कायदा केला तरी जन्मलेली माणसं कमी होत नाहीत.

आता इतिहास, कारण तो आपल्या राज्याचाही आहे.

मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१मध्ये संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी त्यांना त्यापायी गमवावी लागली, समाजानं वाळीत टाकल्यासारखं वागवलं, खटले झाले. त्यांचं म्हणणं देशाच्या आकड्यांपुरतं नव्हतं. बाईच्या शरीराचा निर्णय बाईला घेता यावा, हा त्यांचा आग्रह होता. १९५२मध्ये भारत सरकारनं कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सरकारी पातळीवर असं करणारा हा जगातला पहिला देश. पुढं कुटुंब नियोजनाची खूण असलेला लाल त्रिकोण आला, 'दोन किंवा तीन मुलं पुरेत' आलं, 'हम दो, हमारे दो' आलं. एसटी स्टँडच्या भिंतींवर रंगवलेला तो त्रिकोण माझ्या पिढीतल्या सगळ्यांना आठवत असेल. या काळात कर्व्यांचा आग्रह मागं पडला आणि 'टार्गेट' पुढं आलं. किती बायकांना साधन मिळालं, किती समाधानी आहेत, हे कुणी विचारेना. महिन्याला किती ऑपरेशनं झाली एवढंच मोजलं जाऊ लागलं.

त्याचा शेवट आणीबाणीत झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांवर. शिक्षकांचे पगार, रेशनकार्ड, घराचा तुकडा, परवाने, सगळं नसबंदीच्या दाखल्याशी बांधलं गेलं. ज्याच्या मागं उभं राहणारं कुणी नाही तोच आधी सापडला. आणीबाणीतल्या अत्याचारांची नंतर चौकशी करणाऱ्या शहा आयोगानं शस्त्रक्रियेशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद केली. आणि आपल्या महाराष्ट्राचं काय? १९७६मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं हे राज्य आहे. तीन मुलांनंतर ऑपरेशन केलं नाही तर तुरुंग, अशी त्यात तरतूद होती. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. शाळेत आपल्याला हे कुणी शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं.

१९७७मध्ये सरकार पडलं. पुढच्या वर्षी नसबंदीचा आकडा १० लाखांच्या खाली घसरला आणि खात्याचं नाव बदलून 'कुटुंब कल्याण' झालं. पण खरा परिणाम वेगळाच झाला आणि तो आजही घराघरात आहे. पुरुष या कार्यक्रमातून कायमचे बाहेर पडले. २०१९-२१च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झाली आहे असं सांगणाऱ्या किती? ०.३ टक्के. वैद्यकीयदृष्ट्या पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी सोपी, कमी धोक्याची आणि अर्ध्या तासाची. बाईच्या पोटाला छेद द्यावा लागतो. तरी आशाताईंनी पुरुष नसबंदीचा विषय काढला की सासू म्हणते, "त्याला कामावर जायचं असतं." सून काय घरात बसून असते का? भातलावणी तीच करते, वाशीच्या मार्केटात कांदा निवडायला तीच जाते.

या ओझ्याची किंमत जिवानं मोजावी लागते. नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. १३ जणी गेल्या. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असा आदेश दिला. तांबी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध असे पर्याय सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पण अनेक जणींचा प्रवास अजूनही असाच होतो: लग्न, लगेच पहिलं मूल, पाठोपाठ दुसरं आणि पंचविशीत ऑपरेशन. मधलं अंतर ठेवायचं कसं हे कुणी नीट सांगत नाही. मला विचाराल तर आपल्या लोकसंख्या धोरणातली सगळ्यांत मोठी उणीव ही आहे.

तर मग जन्मदर उतरला कशामुळं? एका कारणानं नाही, पण क्रम साधारण दिसतो. आधी मुलं जगायला लागली. १९५१च्या सुमारास जन्मलेल्या हजार बाळांपैकी १४०हून जास्त पहिल्या वाढदिवसाआधी जायची, आता पंचवीसच्या आसपास. दोन जगतील याची खात्री नसताना चार-पाच होऊ देणं हा अडाणीपणा नव्हता, तो अनुभवातून आलेला हिशेब होता. मग मुली शाळेत गेल्या. २०१९-२१च्या पाहणीत शाळेत कधीच न गेलेल्या बायकांचा दर २.८ आहे, बारावी किंवा पुढं शिकलेल्यांचा १.८. शिकलेल्या मुलीचं लग्न उशिरा होतं, ती दवाखान्यात एकटी जाऊन बोलू शकते, आणि आपल्या मुलांना इंग्रजी माध्यमात घालायचं तर खर्च किती येईल हे तिला पाठ असतं. ठाण्यातल्या कुठल्याही चाळीत विचारा, दुसरं मूल का नको याचं पहिलं उत्तर फी आणि दुसरं उत्तर जागा असं येईल.

केरळनं १९८०च्या दशकाच्या अखेरीस २.१ गाठला, तोही सक्ती न करता. चीनचं उदाहरण देणाऱ्यांनी तिथलं वेळापत्रक नीट पाहावं. १९७०च्या सुरुवातीला चीनचा दर सहाच्या जवळ होता आणि दशक संपेपर्यंत तो तीनच्या खाली आला होता. एकाच मुलाचा नियम आला तो त्यानंतर, १९७९-८०मध्ये. म्हणजे मोठी उतरण आधीच झाली होती. नियमानं गर्भपाताची सक्ती आणली, मुलींचा जन्म रोखला, लाखो मुलांना कागदावर अस्तित्वच राहिलं नाही. २०१६मध्ये दोन मुलांना आणि २०२१मध्ये तीन मुलांना परवानगी दिली, पण लोकांची मनं परत वळली नाहीत. २०१६मध्ये तिथं पावणेदोन कोटींहून जास्त बाळं जन्मली होती, २०२३मध्ये सुमारे ९० लाख. सात वर्षांत निम्मी. २०२२पासून चीनची लोकसंख्या घटते आहे आणि २०२३मध्ये भारतानं त्याला मागं टाकलं. दर खाली आणण्यापेक्षा वर नेणं किती अवघड असतं, हे तिथं दिसतं.

आता जो मुद्दा ट्रेनमध्ये कुजबुजत आणि ग्रुपवर मोठ्यानं बोलला जातो, त्याबद्दल. मुस्लिम बायकांचा दर हिंदू बायकांपेक्षा जास्त आहे का? आहे, २.४ आणि १.९. पण १९९२-९३मध्ये हेच आकडे ४.४ आणि ३.३ होते. मुस्लिमांचा दर जास्त वेगानं उतरला आणि अंतर एकवरून अर्ध्यावर आलं. शिवाय बिहारमधल्या हिंदू बायकांचा दर तमिळनाडूतल्या मुस्लिम बायकांपेक्षा बराच जास्त आहे. म्हणजे फरक पाडतं ते बाई कुठं राहते, शिकली किती, घरात पैसा किती. मुंब्र्यात मुलींच्या कॉलेजच्या जागा वाढवणं हे लोकसंख्येच्या दृष्टीनंही कुठल्याही भाषणापेक्षा उपयोगी काम आहे.

दोन मुलांचा कायदा करा म्हणणाऱ्यांना अनेकदा माहीत नसतं की महाराष्ट्रात तो एका स्वरूपात आहेच. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं मूल झालेल्याला महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत लढवता येत नाही. २००५च्या नियमांनी राज्य सरकारच्या नोकरीच्या अर्जासोबतही लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आलं. आमदार-खासदारांना मात्र ही अट नाही. अशाच नियमाचा पाच राज्यांत अभ्यास करणाऱ्या, मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांना काय आढळलं? पद वाचवण्यासाठी बायकोला सोडलेली, मूल दत्तक दिल्याचं दाखवलेली, मुलीचा गर्भ पाडलेली उदाहरणं. दोनच मुलं आणि त्यातला एक मुलगा हवाच, अशी गाठ बसली की बळी मुलीचा जातो. महाराष्ट्रानं गर्भलिंग निदानाविरुद्ध १९८८मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१मध्ये ९४६ होत्या, २००१मध्ये ९१३ आणि २०११मध्ये ८९४. आंध्र प्रदेशानं २०२४मध्ये ही निवडणुकीची अट काढून टाकली, आणि तिथले मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू तर आता जास्त मुलं होऊ द्या म्हणताहेत. तेही मला पटत नाही. काल ऑपरेशनसाठी बाईच्या मागं लागायचं आणि आज बाळासाठी, यात बदललं काहीच नाही.

आपली माणसं कमी पडतील या दक्षिणेतल्या राज्यांच्या भीतीमागं लोकसभेच्या जागांचा हिशेबही आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं राज्यांच्या जागा १९७१च्या लोकसंख्येवर गोठवल्या, म्हणजे कुटुंब नियोजन केलं म्हणून कुणाच्या जागा कमी होऊ नयेत. ८४व्या दुरुस्तीनं ती मुदत २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. १९७१मध्ये देशातल्या शंभरांपैकी साडेसात माणसं तमिळनाडूत होती, २०११मध्ये सहा. महाराष्ट्रात १९७१मध्ये ९.२ आणि २०११मध्ये ९.३. आपलाही जन्मदर उतरला, तरी आपला वाटा टिकला. का? ठाणे, नवी मुंबई, पुणे इथं माणसं येत राहिली म्हणून. ज्या गर्दीला आपण नावं ठेवतो, तिच्यामुळं दिल्लीतलं आपलं वजन कमी झालं नाही, हेही लक्षात असू द्यावं.

आता पुढचं, आणि माझ्या मते हेच सगळ्यांत तातडीचं. कमी मुलं आणि लांबलेलं आयुष्य यांचा अर्थ म्हातारी माणसं वाढणार. २०११मध्ये साठीपुढचे १० कोटी ३८ लाख होते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३च्या अहवालानुसार २०५०मध्ये ते सुमारे ३४ कोटी ७० लाख होतील, दर पाच माणसांत एक. महाराष्ट्र देशाच्या सरासरीपेक्षा पुढंच आहे. २०१८-१९च्या आर्थिक पाहणीत म्हटलं होतं की २० ते ५९ वयाच्या माणसांचा वाटा २०४१च्या सुमारास सर्वांत जास्त, ५९ टक्के होईल. कमावत्या हातांचा हा काळ एकदाच येतो. तो वाया जायचा नसेल तर त्या हातांना काम हवं, आणि त्यात बायकांचे हात आले. नोकरी करणाऱ्या आईसाठी ऐरोलीत परवडणारं पाळणाघर शोधून पाहा.

नौपाड्यात, राम मारुती रोडच्या आतल्या गल्ल्यांत जुन्या इमारतींची दारं वाजवा. बऱ्याच घरांत दोनच म्हातारी माणसं असतात, मुलगा पुण्यात किंवा परदेशात. वाशी-नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या तीन-चार मजली इमारती तरुण कुटुंबांसाठी बांधल्या, त्यांत लिफ्ट नाही. पस्तिशीत चौथ्या मजल्यावर घर घेतलेली माणसं आता सत्तरी ओलांडून गुडघे धरून जिना चढतात, काही जण तर दवाखान्यापुरतेच खाली उतरतात. पुनर्विकासाच्या सभांमध्ये चटईक्षेत्र आणि पार्किंगवर तासन्‌तास भांडणं होतात. व्हीलचेअर आत येईल एवढं रुंद दार, रॅम्प, तळमजल्यावर एक खोली नर्ससाठी, हे मांडणारा एखादाच असतो. आणि दुसरं टोक मुरबाड-शहापूरच्या गावांत आहे. तिथली तरुण मुलं इकडं भिवंडीच्या गोदामांत आली, मागं उरलेल्या म्हाताऱ्यांना पेन्शन नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्र दोन डोंगर पलीकडे. दोन्हीकडे शुश्रूषा करते ती सूनच, नाहीतर मुलगी, नाहीतर तासावर ठेवलेली बाई. एक-दोन मुलांच्या घरात एका मुलीवर आई-वडील आणि सासू-सासरे असे चौघं येतात. या कामाला पगार नाही, रजा नाही, सरकारी हिशेबात जागा नाही. मुलं किती हवीत यावर आपण सत्तर वर्षं बोललो, म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार यावर अजून बोलायलाही सुरुवात केलेली नाही.

यातलं बरंचसं आपण जुन्या आकड्यांवर बोलतो आहोत. २०२१ची जनगणना झालीच नाही. त्यामुळं अन्नसुरक्षेच्या रेशनचा राज्याचा वाटा आजही २०११च्या माणसांवर ठरतो, आणि तेव्हापासून दिवा-शीळ, खारघर, तळोजा किती भरलं हे आपण पाहतो आहोत. आता जनगणना २०२७ची ठरली आहे: २०२६मध्ये घरांची यादी, फेब्रुवारी २०२७मध्ये प्रत्यक्ष शिरगणती, आणि १ मार्च २०२७ला देशात किती माणसं होती हा तिचा आकडा. सगळ्यांत जास्त सुटतात ती भाड्याच्या खोलीतली माणसं. दिव्याच्या चाळीत एका खोलीत सहा मुलगे राहत असतात आणि मालक दोनच सांगतो, कारण त्याला पाणीपट्टीची किंवा नोटिशीची भीती असते. १९४८च्या जनगणना कायद्यानुसार प्रगणकाला दिलेली वैयक्तिक माहिती गुप्त राहते, ती न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. तुमच्याकडे भाडेकरू असतील, सोसायटीत वॉचमनचं कुटुंब मीटर रूमशेजारी राहत असेल, घरी राहून आजीला सांभाळणारी बाई असेल, तर प्रगणक येण्याआधी त्यांना हे सांगा आणि त्यांची नावं नोंदवली जातील हे पाहा.